कोल्ह्याच्या दारातली भरती

जिथे एक खाडी समुद्राला मिळते, तिथल्या एका कांदळवनात एक पाणमांजरी आपल्या पिल्लासह राहत असे. मुलांनो, कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यातलं जंगल. तिथली झाडं चिखलात उभी असतात आणि श्वास घेण्यासाठी त्यांची मुळं बोटांसारखी चिखलातून वर डोकावतात. त्या मुळांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, कोळंबी वाढते, खेकडे बिळं करतात. भरती आली की सगळं पाण्याखाली आणि ओहोटी लागली की सगळं उघडं, असा तिथला दिवस.

पाणमांजरीचं पिल्लू अतिशय खोडकर होतं. ते भरतीच्या पाण्यात दूर दूर जाई आणि मग शीळ घाली. पाणमांजरं एकमेकांना शीळ घालूनच हाका मारतात. शीळ ऐकली की आई पाण्यात सूर मारी आणि पिल्लाला मानेला धरून घेऊन येई. दिवसातून दहा वेळा तरी हा खेळ चाले.

कांदळवनाच्या वरच्या अंगाला एक टेकाड होतं. कितीही मोठी भरती आली तरी पाणी तिथपर्यंत पोचत नसे. त्या टेकाडावर एक कोल्हा राहत असे. कोल्हा हुशार होता, बोलण्यात गोड होता, पण त्याला पाय भिजवायचा भारी कंटाळा. चिखलात उतरून खेकडा पकडण्यापेक्षा दुसऱ्याने पकडलेला आयता मिळाला तर बरा, असा त्याचा स्वभाव.

दरवर्षी थंडी सुरू झाली की त्या खाडीवर कुरव पक्षी येत. उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांवरून, डोंगर आणि वाळवंटं ओलांडून ते हजारोंनी येत. त्यांची म्होरकी एक म्हातारी कुरव होती. तिला सगळे कुरवआजी म्हणत. कुरव खाडीत उतरत, ओहोटीच्या चिखलात चरत, दोन-दोन महिने मुक्काम करत आणि उन्हं तापू लागली की परत जात. पाहुणे आले की खाडी गजबजून जाई.

एका वर्षी टेकाडामागच्या घाटात एक ट्रक उलटला. माणसं आली, त्यांनी ट्रक सरळ केला आणि ओढून नेला. ट्रकमधून दरीत पडलेले गठ्ठे मात्र तिथेच राहिले. कोण उतरणार खाली? कोण उचलणार? गेले निघून! त्या गठ्ठ्यांमध्ये कोऱ्या करकरीत प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. लहान, चकचकीत, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी धरायला एक जाड कडी.

कोल्ह्याने त्या पाहिल्या आणि त्याचं डोकं चालू लागलं. त्याने मुंगसांना हाताशी धरून जवळा गोळा करवला. जवळा म्हणजे बारीक कोळंबी, कुरवांच्या अगदी आवडीची. पिशवीत जवळा भरला, तोंडाला गाठ मारली आणि टेकाडावर रांगेने पिशव्या मांडल्या.

कुरव आले तसा तो पुढे झाला. "या, या पाहुणे! इतक्या लांबून आलात, दमलात. आता चिखलात कशाला उतरताय? पाय कशाला माखून घेताय? ही पिशवी चोचीत धरा, उडत उडत खा. या खाडीवर दोन महिने बसून राहण्यापेक्षा एका दिवसात चार खाड्या बघून होतील!"

"आणि याच्या बदल्यात?" कुरवआजीने विचारलं.

"फार काही नाही. जाता येता एखादा मासा टाका या गरिबाच्या दारात."

"रिकामी पिशवी कुठे ठेवायची रे?"

कोल्हा हसला. "आजी, समुद्र मोठा आहे."

तरुण कुरवांना ही कल्पना फारच आवडली. सकाळी या खाडीची पिशवी, दुपारी पलीकडच्या खाडीचं दर्शन, संध्याकाळी तिसरीकडे. पिशवी घ्यायची, उडायचं, खायचं, सोडून द्यायची. कुठे पडली ते कोणी वळून बघत नसे. कोल्ह्याच्या दारात ताज्या माशांची रास लागू लागली. त्यातला सगळ्यात चांगला मासा तो रोज उंच झाडावर राहणाऱ्या समुद्रगरुडाकडे पाठवी. समुद्रगरुड त्या खाडीचा राजा होता. राजाही खूश. "कोल्ह्यामुळे आपल्या खाडीचं नाव झालं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला.

पिशव्या मात्र कुठेच गेल्या नव्हत्या. समुद्र मोठा असतो हे खरं, पण मुलांनो, समुद्राला खिसा नसतो. ज्याचं त्याला तो भरतीबरोबर परत आणून देतो. पिशव्या लाटांवर आल्या, कांदळवनात शिरल्या आणि मुळांना चिकटल्या. आधी एक, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतक्या. श्वास घेणारी मुळं त्यांच्याखाली गुदमरली. पौष संपेपर्यंत खाडीच्या तोंडाशी असलेली झाडं पिवळी पडली. मासे अंडी घालायला येईनात. खेकड्यांच्या बिळांची तोंडं बुजली.

आणि एके दिवशी पाणमांजरीच्या पिल्लाने खेळता खेळता एका कडीत मान घातली.

कडी आत गेली, बाहेर येईना. आईने दातांनी ओढली, नखांनी खेचली, पिल्लू कळवळलं. पण कडी तसूभरही सरकली नाही. जसजसं पिल्लू वाढत होतं तसतशी कडी मानेत रुतत चालली. पिल्लाला मासा गिळता येईना. शेवटी पाणमांजरी म्हाताऱ्या खेकड्याकडे धावली. त्याची एक नांगी फार मोठी आणि बळकट होती.

"खेकडेआजोबा, तुमच्या पाया पडते. हे तोडा."

म्हाताऱ्याने कडीखाली नांगी सरकवली. "हलू नकोस रे बाळा. जरासं दुखेल." सकाळपासून दुपारपर्यंत तो त्या कडीला कुरतडत होता. लाकूड त्याने एका दमात तोडलं असतं. पण ही कडी तुटता तुटेना. अखेर ती तुटली तेव्हा त्याच्या नांगीचा एक दात निखळला होता आणि पिल्लाच्या गळ्याभोवती खोल जखम होती.

जखम भरली. पिल्लू खाऊ लागलं, पोहू लागलं. पण शीळ घालायला त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. फुस्स असा आवाज. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फुस्स. मग ते आईकडे बघत राहिलं. आपण काही चूक केली का, असं त्याच्या डोळ्यांत होतं. पाणमांजरीने तोंड फिरवलं. तिला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

ती तडक टेकाडावर गेली. अंगातून पाणी निथळत होतं. कोल्हा उन्हात मासा खात पडला होता.

"कोल्होबा, तुझ्या पिशवीच्या कडीने माझ्या लेकराची वाचा गेली."

कोल्ह्याने चेहरा पाडला. "अरेरे! फार वाईट झालं, ताई. पण मला सांगा, ती कडी मी पाण्यात टाकली का?"

"तू टाकली नाहीस, पण..."

"मग झालं तर! मी पिशवी देतो ती नीट हातात देतो. टाकणारे टाकतात. त्यांना जाऊन विचारा. वळण नाही हो हल्लीच्या पाहुण्यांना."

पाणमांजरी कुरवांकडे गेली. तरुण कुरव म्हणाले, "आम्ही काय करणार? जे मिळतं ते घेतो. दुसरं काही देतो का तो? आणि माझ्या एकट्याच्या पिशवीने काय एवढं होणार होतं?" प्रत्येक जण हेच म्हणाला. हजारो कुरव होते आणि हजारोंनी 'माझ्या एकट्याच्या' असंच म्हटलं. कुरवआजी मात्र मान खाली घालून बसून राहिली. 

मग पाणमांजरी राजाकडे गेली. समुद्रगरुडाने डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विषय गंभीर आहे. आम्ही लक्ष घालतो." दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. खाडीत स्वच्छता उत्सव! सर्वांनी यायचं, पिशव्या गोळा करायच्या. जो सर्वांत जास्त गोळा करील त्याला बक्षीस. आणि बक्षीस देणार कोण? तर कोल्हा! शिवाय गोळा झालेल्या ढिगाची विल्हेवाटही तोच लावणार होता.

मला राग येतो तो इथे. ज्याने घाण वाटली तोच आता स्वच्छतेचा यजमान झाला, आणि सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचू लागले.

उत्सवाच्या दिवशी ओहोटी लागताच सगळी खाडी चिखलात उतरली. बगळे आले, करकोचे आले, खेकडे आले, रानमांजरं आली. कोल्हा टेकाडाच्या कडेला उभा राहून, पाय न भिजवता, मोठमोठ्याने घोषणा देत होता. "खाडी आपली माय!" तो ओरडे. "तिला स्वच्छ ठेवू!" सगळे ओरडत. पाणमांजरीही राबत होती. तिचं पिल्लूही तोंडात एकेक पिशवी धरून ढिगावर नेत होतं.

दुपारी भरती चढू लागली तेव्हा पाणमांजरीने वळून पाहिलं, तर पिल्लू नव्हतं.

तिने शीळ घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. उत्तर कुठून येणार? ती या ओढ्यातून त्या ओढ्यात शोधत फिरली. पाणी वाढत होतं. वरून घोषणा चालूच होत्या. "अहो, जरा गप्प बसा!" ती ओरडली. "माझं पिल्लू हरवलंय!" पण उत्सवाच्या गोंगाटात तिचं कोण ऐकणार?

म्हाताऱ्या खेकड्याला ते सापडलं, तेही योगायोगाने. पिशव्यांचा एक ढीग भरतीच्या धक्क्याने कोसळला होता आणि पिल्लू त्याखाली चिखलात अडकलं होतं. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. ते मघापासून तोंड उघडून हाका मारत होतं. फुस्स, फुस्स. चार हातांवर त्याची आई त्याला शोधत होती आणि तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

खेकड्याने हाका मारून तिला बोलावलं. तिने पिल्लाला ओढून बाहेर काढलं आणि काठावर नेऊन कितीतरी वेळ चाटत राहिली. तिच्या मागे बक्षीस समारंभ चालू होता. एका करकोच्याला पहिलं बक्षीस मिळालं. ते एका कोऱ्या, चकचकीत पिशवीत घालून दिलं होतं. टाळ्या कडाडल्या.

गोळा झालेला ढीग कोल्ह्याने मुंगसांकरवी ओढत नेला. "आता निश्चिंत राहा," तो म्हणाला, "याचं काय करायचं ते मी बघतो." सगळे आनंदाने घरी गेले. खाडी खरोखरच स्वच्छ दिसत होती.

तीन दिवसांनी सगळ्या पिशव्या परत आल्या.

त्या येतात कुठून ते बघायला पाणमांजरी भरतीच्या उलट पोहत गेली. खाडीच्या तोंडाशी जो कातळ समुद्रात घुसला आहे, त्याला तिने वळसा घातला. कातळाच्या पलीकडे, खाडीतून कोणाला दिसणार नाही अशा जागी, तो सगळा ढीग लोटून दिलेला होता. लाटा येत होत्या आणि एकेक मूठ पिशव्या उचलून घेऊन जात होत्या. हीच ती विल्हेवाट! त्या ढिगात तिला करकोच्याने उचललेल्या पिशव्या दिसल्या, बगळ्यांनी चोचीने सोडवलेल्या दिसल्या, तिच्या पिल्लाने इवल्याशा दातांनी धरून आणलेल्याही त्यातच असणार.

ती परत आली तेव्हा दुसऱ्या स्वच्छता उत्सवाची दवंडी चालली होती.

"मी येणार नाही," पाणमांजरी म्हणाली.

बगळा दचकला. "येणार नाही? अगं, खाडी आपली माय..."

"माय आहे म्हणूनच येणार नाही. त्याने वरून ओतायचं आणि आपण खाली पुसत बसायचं, हे किती दिवस चालणार? घरात मडकं फुटून पाणी वाहत असलं तर आधी मडकं बाजूला काढतात की फडकं शोधतात?"

"तू आळशी झालीस," बगळा म्हणाला. "तुला खाडीची पर्वाच नाही," रानमांजर म्हणालं. पाणमांजरीला ते शब्द झोंबले, पण तिने वाद घातला नाही. तिने मुळात अडकलेली एक पिशवी सोडवली, तोंडात धरली आणि टेकाड चढू लागली. कोल्ह्याच्या बिळासमोर जाऊन तिने ती ठेवली. मग खाली आली, दुसरी घेतली, पुन्हा चढली. पाणमांजरांचे पाय पोहण्यासाठी असतात. चढण चढायला ते बिचारे कच्चे. तिचे तळवे सोलवटले. तरी ती चढत राहिली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा खेकडा तिच्या मागोमाग निघाला. एक पिशवी ओढत टेकाडावर न्यायला त्याला अर्धा दिवस लागला. तिसऱ्या दिवशी करकोचा आला. त्याने बक्षिसाची पिशवी पहिल्यांदा नेऊन ठेवली. मग बगळे, मग रानमांजर. कोणी घोषणा दिली नाही, कोणी दवंडी पिटली नाही. पिशव्या फक्त टेकाड चढत राहिल्या. कातळामागचा ढीगही करकोच्यांनी चोचीत धरून वाहून आणला. जिथे कधी भरती पोचली नव्हती तिथे आता भरती आली. कोल्ह्याचं अंगण भरलं, वाट भरली, बिळाचं तोंड भरलं. एके सकाळी कोल्हा मासा घेऊन घरी आला तर त्याला आत जाता येईना.

तो तडक राजाकडे गेला.

समुद्रगरुडाने ओहोटीच्या वेळी वाळूच्या पुळणीवर सभा भरवली. सगळे जमले. कुरवही काठाने उतरले.

"महाराज, न्याय करा!" कोल्हा गळा काढून म्हणाला. "या बाईने माझ्या अंगणात घाण टाकली. मला घरात शिरता येत नाही. माझ्या अन्नात घाण, पाण्यात घाण. असं कोणी कोणाच्या दारात करतं का?"

पाणमांजरी पुढे आली. पिल्लू तिच्या पायांशी होतं.

"घाण? कसली घाण, कोल्होबा?"

"कसली म्हणजे? पिशव्यांची!"

"इतके दिवस तू याच पिशव्यांना सोय म्हणत होतास. आमच्या मुळांवर पडल्या तेव्हा ती सोय होती. आमच्या बिळात शिरल्या तेव्हाही सोय होती. माझ्या लेकराच्या गळ्यात कडी रुतली तेव्हा तू म्हणालास, टाकणाऱ्याला विचार. मग त्या टेकाडावर चढल्यावरच त्यांची घाण कशी झाली?"

 कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिलं.

"पण त्या मी टाकल्या नाहीत! टाकल्या या कुरवांनी!"

तेव्हा कुरवआजी उठली. तिचे पंख झडत आले होते, पण आवाज खणखणीत होता. "टाकल्या. आम्हीच टाकल्या. ज्यांच्या घरी आम्ही पाहुणे म्हणून आलो, त्यांच्याच ताटात माती कालवली. याची मला लाज वाटते आणि ही लाज मी कोणावर ढकलणार नाही." मग ती कोल्ह्याकडे वळली. "पण पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं की रिकामी पिशवी कुठे ठेवायची. तू काय उत्तर दिलंस ते सांग महाराजांना."

कोल्ह्याने नजर चुकवली, तेव्हा आजीनेच सांगून टाकलं.

"तो म्हणाला, समुद्र मोठा आहे. आणि मी मूर्ख, ते ऐकून गप्प बसले."

म्हातारा खेकडा कुरकुरत पुढे सरकला. "महाराज, रागावू नका, पण रोजचा ताजा मासा खाताना तुम्हीही कधी विचारलं नाहीत की खाडीतले मासे कमी का झाले."

राजे लोकांना असलं ऐकायची सवय नसते. समुद्रगरुडाने पिसं फुलवली. एक क्षण वाटलं, आता हा खेकड्याला उचलणार. पण पाणमांजरीचं पिल्लू त्याच्याकडे टक लावून बघत होतं. त्याच्या गळ्याभोवती केस न उगवलेली एक पांढरी रेघ होती. गरुडाची नजर तिच्यावर पडली आणि तिथेच थांबली. हळूहळू त्याची पिसं खाली बसली.

"चूक आमची आहे," तो म्हणाला. हे शब्द त्याला जड गेले. "आता ऐका. आजपासून जो वस्तू देईल, त्याने ती परत घेतली पाहिजे. जो घेईल, त्याने ती परत आणली पाहिजे. खाडीत एक पिशवी दिसली तर दोघांनाही खाडी बंद."

"परत घेऊ?" कोल्हा किंचाळला. "महाराज, परत घेऊन मी त्या ठेवू कुठे? त्या पुरल्या तर कुजत नाहीत, चावल्या तर तुटत नाहीत, पाण्यात सोडल्या तर बुडत नाहीत! मी पहिल्याच आठवड्यात सगळं करून पाहिलंय!"

आणि तो एकदम थांबला.



"पहिल्याच आठवड्यात," पाणमांजरी सावकाश म्हणाली. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

कोल्हा दोन पावलं मागे सरकला.

"आम्हाला वाटत होतं, तुला कळलं नाही. एखाद्याला कळत नाही, चूक होते, आम्ही समजून घेतलं असतं. पण तुला ठाऊक होतं. तू टेकाडावर बसून घोषणा देत होतास तेव्हाही ठाऊक होतं. माझं पिल्लू ढिगाखाली बुडत होतं तेव्हाही ठाऊक होतं!" तिचा आवाज फाटला.  मुंगसं कोल्ह्याजवळून उठून दुसरीकडे जाऊन बसली.

त्या दिवसापासून पिशव्यांचा धंदा बुडाला. दरीतले उरलेले गठ्ठे राजाच्या हुकमावरून कोल्ह्याने एका कोरड्या कपारीत रचले आणि कपारीच्या तोंडावर धोंडे लावले. अंगणातल्या पिशव्याही त्यालाच तिथे न्याव्या लागल्या. रोज ओहोटीला चिखलात उतरून मुळं मोकळी करायची, ही शिक्षा त्याच्या वाट्याला आली. पाय भिजवायचा कंटाळा असलेला कोल्हा गुडघाभर चिखलात उभा राहू लागला.

पण प्रश्न उरलाच. कुरवांत काही म्हातारे होते, काही जखमी. परतीच्या लांबच्या प्रवासात त्यांना बरोबर थोडं खाणं हवंच होतं. त्यासाठी भेंडीच्या, म्हणजे भाजीच्या नव्हे तर खाडीकाठी वाढणाऱ्या पिवळ्या फुलांच्या मोठ्या झाडावर राहणारी शिंपीण नावाची चिमुकली पक्षीण पुढे आली. शिंपीण पानं शिवून घरटं करते, हे तुम्हाला माहीत असेल. तिने भेंडीची दोन रुंद पानं घेतली, कापसाच्या धाग्याने शिवली आणि त्यात जवळा भरला. पहिली पिशवी गळली. दुसरी उडता उडता उसवली. कोल्हा चिखलातून बघून हसला. शिंपिणीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने पानं तिरकी ठेवून शिवली, टाके जवळ घातले, तळाला तिसरं पान लावलं. कडी लावायच्या ऐवजी देठच लांब ठेवला. "याने कोणाचा गळा धरला तर?" पाणमांजरीने विचारलं. शिंपिणीने देठ ओढून दाखवला. तो पटकन तुटला. "म्हणूनच ठेवलाय," ती म्हणाली.

मग तिने एक पानाची पिशवी मुद्दाम चिखलात टाकली आणि सगळ्यांना रोज बघायला लावली. तिसऱ्या दिवशी ती मऊ पडली. आठव्या दिवशी ती शोधूनही सापडेना.

कुरवआजीने आपल्या थव्यालाही चार शब्द सुनावले. "एका दिवसात चार खाड्या बघता, त्यांतल्या एकीचं तरी नाव सांगा बघू!" तरुण कुरव एकमेकांकडे बघू लागले. कोणालाच सांगता येईना. "मग काय बघितलंत? यापुढे जिथे उतराल तिथे राहा. चिखलात पाय घाला, तिथल्यांशी बोला, तिथलं खाणं तिथेच बसून खा. आणि निघताना जागा आलात तेव्हा होती तशी ठेवून निघा."

पुढच्या थंडीत कुरव आले ते सरळ चिखलात उतरले आणि दोन महिने हलले नाहीत. खाडीच्या तोंडाशी मेलेली झाडं काही परत उभी राहिली नाहीत. पण त्यांच्या बुंध्याशी नवी रोपं धरली होती. पाणमांजरीचं पिल्लू आता आईएवढं झालं होतं. त्याला शीळ कधीच आली नाही. ते शेपटीने पाण्यावर थाप मारून हाक मारायला शिकलं होतं, आणि आई ती थाप ऐकायला.

परतीची तयारी चालू असताना एके सकाळी एका तरुण कुरवाच्या चोचीतून म्हाताऱ्यांसाठीची पानाची पिशवी निसटून खाली पडली. "अरे, टाकलीस! उचल, उचल!" बगळे ओरडले. घाबरून तो कुरव खाली झेपावला. पण म्हातारा खेकडा आधीच तिथे पोचला होता. त्याने पान नांगीत धरलं, कडेने कुरतडलं आणि शांतपणे खाऊ लागला.

"ओरडताय काय?" तो तोंडातल्या घासासकट म्हणाला. "माझी न्याहारी आली आहे."

त्याच्यापासून दहा पावलांवर कोल्हा वाकून एक जुनी पिशवी मुळांतून सोडवत होता. ती मागच्या वर्षीची होती. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि शेकडो भरत्या तिच्यावरून गेल्या होत्या. कोल्ह्याने ती झटकून उन्हात धरली. ती अजूनही कोरी करकरीत होती.

तात्पर्य : वस्तू संपल्यावर ती कुठे जाणार हे देणाऱ्याने देण्याआधी आणि घेणाऱ्याने घेण्याआधी विचारावं. जो हे ठाऊक असूनही गप्प बसतो, त्याने कितीही स्वच्छता उत्सव केले तरी तो खाडीचा वैरीच होय.